वेळापत्रक छापून भागत नाही, त्याला प्रश्न विचारता यायला हवेत: परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

वेळापत्रकाची पीडीएफ वाचता येते, पण 'या थांब्यावरून रविवारी रात्री दहानंतर काय मिळेल?' असे तिला विचारता येत नाही. त्यासाठी वेळापत्रकाचा डेटा ठरावीक रीतीने मांडणारा जीटीएफएस हा खुला नमुना २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या डेटापासून आकाराला आला. एका झिपमध्ये थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यांवरच्या वेळा आणि कॅलेंडर अशा साध्या मजकुराच्या फायली असतात. त्या एसक्यूलाइटसारख्या छोट्या डेटाबेसमध्ये भरणे फार अवघड नाही. चुका होतात त्या भरताना.

सर्वांत जास्त घोळ मध्यरात्रीनंतरच्या वेळांचा. रविवारच्या सेवेतली, पण सोमवारी पहाटे १:३५ ला येणारी गाडी फाईलमध्ये २५:३५:०० अशी असते, आणि ते बरोबरच आहे, कारण सेवेच्या दिवसाचे तास २४ नंतरही पुढे मोजले जातात. पण पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 'टाइम' प्रकारात ती ओळ अडते. मजकूर म्हणून ठेवली, तर ९:०५:०० ही वेळ १०:००:०० च्या नंतर लागते. म्हणून वेळ सेकंदांत, पूर्णांक म्हणून ठेवावी: २५:३५ म्हणजे ९२१००. शिवाय पहाटेच्या गाड्या शोधताना आदल्या दिवसाची सेवाही तपासावी लागते. हे राहिले की शेवटची गाडी शोधात दिसतच नाही, आणि तिची सर्वाधिक गरज असणारा माणूस रस्त्यावर अडकतो.

दुसरी चूक कार्यालयातच होते. फाईल एक्सेलमध्ये उघडून जतन केली की ००४१२ या थांब्याचा क्रमांक ४१२ होतो. मग क्रमांकावरून दोन तक्ते जोडताना तो थांबा सापडत नाही आणि त्याच्या ओळी कुठलीही सूचना न देता गळतात. क्रमांक नेहमी मजकूर म्हणूनच भरावेत.

वेळांचा तक्ता झपाट्याने फुगतो. रोजच्या ५,००० फेऱ्या आणि प्रत्येकी ३० थांबे धरले तरी दीड लाख ओळी होतात. थांबा आणि सुटण्याची वेळ यांवर मिळून इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधून देणारी सूची, नसेल, तर प्रत्येक शोध सगळा तक्ता चाळतो. सुट्ट्यांच्या अपवादांची फाईल तर हमखास विसरली जाते. त्यात १ म्हणजे त्या दिवशी सेवा जादा, २ म्हणजे रद्द.

आमची मागणी अशी: प्रत्येक नवे वेळापत्रक आधी डेटाबेसमध्ये भरून तपासावे. यादीत नसलेला थांबा, फेरीत मागे जाणारी वेळ, एकही फेरी नसलेला दिवस, मुदत संपलेले कॅलेंडर, या चार क्वेरींचे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचे, निकाल झिपसोबत जाहीर करावेत. थांब्यांचे क्रमांक दर आवृत्तीत बदलू नयेत. चूक कळवण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि दुरुस्ती किती दिवसांत होईल हे आदेशातच लिहावे.

आपले,
सार्वजनिक वाहतुकीच्या डेटावर काम करणारे तंत्रज्ञ