सर, माझ्या मुलाला गप्प उभं राहू दिलंत त्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अगो त्यात काय" म्हणून लगेच विषय पावसावर नेलात, घरी आले तर चहा पाजून पाठवलंत आणि बोलू काही दिलं नाहीत, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण तुम्ही जे केलंत ते आमच्या एका घरापुरतं नाही, उद्या दुसऱ्या कुठल्या आईवर हीच वेळ आली तर तिला निदान माहीत असावं की असंही होऊ शकतं. तुमचं नाव घालत नाही, शाळेचंही नाही. फोंड्याकडच्या लोकांना कळायचं ते कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या बेंचवर बसणारा मुलगा मूळचा विजापूरकडचा, वडील गवंडीकाम करतात, पोराचा जन्म इथलाच, कोंकणी माझ्या मुलापेक्षा चांगली बोलतो आणि चवथीला आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट, बांधायला सगळ्यात पुढे तोच असतो. वर्गात त्याला घाटी, म्हणजे घाटापलीकडून आलेला, असं हिणवून म्हणतात. आपल्या गोव्यात हा शब्द किती सहज तोंडात येतो ते मी काय सांगायचं, मोठी माणसंच बोलतात, मुलं ऐकतात. एक दिवस मधल्या सुट्टीत चार-पाच जणांनी त्याला बेंचवरून उठवलं, "तुज्या गांवाक वच" म्हणाले, डबा खाली सांडला, आणि कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी असेंब्लीत त्याच मुलांनी हात पुढे करून सारे भारतीय माझे बांधव आहेत म्हटलं, तेव्हा माझ्या मुलाने हात खाली घेतला आणि गप्प राहिला. त्याच्याबरोबर आणखी दोघं. अटेन्शनमध्ये उभे होते, हसले नाहीत, कुजबुजले नाहीत, नंतर जन गण मन नेहमीसारखं म्हटलं. फक्त प्रतिज्ञा म्हटली नाही. मग रोजच म्हणेनात.

पुढचं सगळं इतक्या पटापट झालं की मला आत्ताही नीट क्रम लावता येत नाही. ऑफिसात बोलावणं, "हे कोणी शिकवलं घरी", मग दाखला हातात देऊ अशी भाषा, मग पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की अमक्याची मुलं देशविरोधी आहेत, त्यावर पाकिस्तानात पाठवा वगैरे, हे लिहिणाऱ्यांमध्ये एक जण असा की ज्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले होते. बाकीच्या दोन मुलांच्या घरच्यांनी माफीनाम्यावर सह्या दिल्या, त्यांना मी अजिबात दोष देत नाही, एकाची आई तर माझ्याकडे येऊन रडली. भीती खरी असते. २०१६ साली पणजीत मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागून मारलं होतं, तो व्हीलचेअर वापरणारा, उभाच राहू शकत नव्हता. तेव्हा पेपरात वाचून आपण चार दिवस हळहळलो आणि विसरलो, पण आता रात्री झोप लागेना तेव्हा मला सारखं तेच आठवत होतं. माझा तर उभा होता, तरी.

अशा वेळी मी तुमच्या दारात आले. तुम्ही मला इतिहास शिकवलात त्याला किती वर्षं झाली, तरी ओट्यावरून बघितल्या बघितल्या "कितें जालें गो बाय" म्हणालात आणि मला तिथेच रडू फुटलं. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, मुलाला विचारलंत.

"उबो आशिल्लो मरे तूं?"
"हय."
"आनी राष्ट्रगीत?"
"म्हटलें."
"मागीर?" म्हणजे "मग काय?" म्हणालात आणि आत जाऊन चष्मा घेऊन आलात.

सर, तोपर्यंत प्रत्येकाने त्याला का, का, का एवढंच विचारलं होतं, मीसुद्धा. तुम्ही आधी तो कसा उभा होता ते विचारलंत. सगळी केस तिथेच होती हे मला नंतर कळलं, तुम्ही तो निकाल वाचायला दिलात तेव्हा.

त्या निकालाबद्दल इथे लिहितेच, कारण शंभरातल्या नव्वद पालकांना तो माहीत नसणार, मलाही नव्हता. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीत, यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या घरातली. राष्ट्रगीताला रोज आदराने उभी राहायची पण म्हणायची नाहीत, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. वर्षानुवर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मग १९८५ मध्ये एका आमदाराने विधानसभेत विषय काढला, चौकशी झाली, चौकशीत आलं की मुलं नीट वागतात, अपमान काही केलेला नाही, तरी २६ जुलैला त्यांना शाळेतून काढलं. हायकोर्टात हरली. सुप्रीम कोर्टात ११ ऑगस्ट १९८६ ला जिंकली, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि दत्त यांच्यासमोर. कोर्ट म्हणालं की राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, आदराने उभं राहिलं की अपमान होत नाही, आणि खात्याचं सर्क्युलर म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या जोरावर कोणाचं घटनेतलं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. शेवटी अशा अर्थाचं लिहिलंय की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तेच सांगतं, आपली घटना ती आचरणात आणते, तिच्यात पाणी घालू नका. तुम्ही त्या ओळीखाली पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या.

आणि तुम्ही मला फसवलं नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "बाय, ही केस धर्माची आहे, तुझ्या मुलाची तशी नाही, आपण उगाच सारखीच आहे असं म्हणायचं नाही" असं स्पष्ट सांगितलंत, मग घटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ आणि त्याबरोबर बोलण्याच्या हक्काचं १९ पण त्यात कसं आहे, बोलण्याच्या हक्कात न बोलणंही कसं येतं, ते वही काढून समजावलंत, जसं शाळेत समजवायचात. आणि प्रतिज्ञेचं तर राष्ट्रगीतापेक्षाही वेगळं, १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात राष्ट्रध्वज आहे, घटना आहे, राष्ट्रगीत आहे, प्रतिज्ञेचं नाव नाही. घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांतही नाही. मी इतकी वर्षं समजत होते की ती घटनेतच कुठेतरी लिहिलेली असणार! ती १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या विशाखापट्टणमच्या ट्रेझरी ऑफिसरने तेलुगूत लिहिली, हेही तुमच्याकडूनच कळलं, पाठ सगळ्यांना आहे आणि लिहिणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही.

मग तुम्ही स्वतः शाळेत आलात. ह्या वयात, गुडघे दुखत असताना, रिक्षा नको म्हणून कदंबाच्या बसने. ती मीटिंग मी जन्मात विसरणार नाही. हेडसरांच्या टेबलावर काचेखाली टाइमटेबल, त्यावर टाइप केलेला माफीनामा आणि बाजूला उघडून ठेवलेलं पेन. तुम्ही आधी तब्येतीची चौकशी केलीत, मग "बघू" म्हणून तो कागद घेतलात आणि मोठ्याने वाचलात, मी माझ्या देशाचा अपमान केला आहे व त्याबद्दल मला लाज वाटते. एवढंच वाचून थांबलात. मग मुलाकडे न बघता, हेडसरांकडे बघून म्हणालात, "तेरा वर्षांच्या पोराच्या हाताने हे लिहून घेतलं तर हा कागद त्याच्या मनात किती वर्षं राहील?" कोणी बोललं नाही. तुम्ही कागदाची चार घडी करून शर्टाच्या खिशात घातलीत आणि पेनाला टोपण लावलंत.

त्यानंतर तुम्ही कायदा काढलात, पण तोही किती सांभाळून. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम १७, मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. आवाज चढवला नाहीत, कोर्टात खेचतो म्हणाला नाहीत, उलट "तुमच्यावरही वरून प्रेशर असणार, मी पण त्या खुर्चीत बसलोय" म्हणालात, आणि मला दिसलं की हेडसरांचे खांदे खाली आले. मला वाटतं त्यांनाही यातून बाहेर यायला दार हवं होतं, ते तुम्ही उघडून दिलंत.

एक सर तरी म्हणालेच, मग उद्या सगळीच गप्प बसतील, देशप्रेम कसं शिकवायचं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दशः आठवत नाही पण सांगते. तुम्ही मराठी शाळेत होता तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य, लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवायला लागायची. भर रस्त्यात जय हिंद म्हटलं की पकडून नेत, मार खायचा, आग्वादच्या तुरुंगात जायचं. जून १९४६ मध्ये मडगावला लोहिया बोलायला उभे राहिले ते ह्याचसाठी, की माणसाला बोलायची मोकळीक पाहिजे. "त्या लोकांना कोणी रांगेत उभं करून जय हिंद म्हणायला लावलं नव्हतं," तुम्ही म्हणालात, "ते नको म्हणत असताना म्हणाले, म्हणून त्याला किंमत." खोलीत फक्त पंख्याचा आवाज. माझ्या अंगावर काटा आला होता, आत्ता लिहितानाही येतोय.

अमेरिकेचं तुम्ही मुलाला परतीच्या वाटेवर सांगितलंत ते त्याला फार आवडलं, घरी येऊन बाबांना दोनदा सांगितलं. तिथेही शाळेत झेंड्याला सलाम करून प्रतिज्ञा म्हणतात, १९४० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सक्ती चालेल, त्यानंतर न म्हणणाऱ्या मुलांच्या घरच्यांना खूप मारझोड झाली, आणि तीनच वर्षांत, १४ जून १९४३ ला, त्याच कोर्टाने आपलाच निकाल फिरवला, वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट केसमध्ये. महायुद्ध ऐन भरात, तो दिवस त्यांचा झेंडा दिन. युद्ध चालू असताना एक देश आपल्या शाळकरी मुलांना म्हणतो की मनात नसेल तर नका म्हणू, हे मुलाला खरंच वाटेना.

पण सर, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्याच्यावरून हे सगळं झालं तो विजापूरचा मुलगा, तो रोज प्रतिज्ञा म्हणत होता, खणखणीत आवाजात, एकही दिवस चुकवला नाही. हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, तुमच्या आलं. त्याला वडिलांनी सांगितलेलं, आपण बाहेरचे, आपण चुकूनही गप्प राहायचं नाही. तुम्ही त्याच्या वडिलांना साइटवर जाऊन भेटलात, सिमेंटच्या गोणीवर बसून बोललात, की ह्या प्रकरणात तुमच्या मुलाचं नाव कुठे येणार नाही, मी बघतो. आणि माझ्या मुलाला म्हणालात की तू गप्प राहू शकतोस कारण तुझ्या मागे घर आहे, भाट म्हणजे बागायत आहे, नाव आहे, त्याला ते परवडत नाही, म्हणून जो म्हणतो तो तुझ्यापेक्षा कमी शूर असं कधी समजू नको. माझ्या मुलाला हिरो व्हायची थोडी हवा लागत होती, ग्रुपवर काही जण सपोर्ट करायला लागले होते, ती तुम्ही अगदी हळू काढून घेतलीत. आई म्हणून हे मला जमलं नसतं.

आता शाळेत काय ते तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी. माफीनामा नाही, दाखला नाही. तो असेंब्लीत उभा राहतो, म्हणायचं की नाही हे कोणी विचारत नाही. हेडसरांनी वर्गावर्गात जाऊन घाटी हा शब्द शाळेच्या आवारात चालणार नाही असं सांगितलं, थांबलंय असं म्हणणार नाही, कमी झालंय, बेंचवरून कोणी उठवत नाही. माझा मुलगा काही दिवस प्रतिज्ञा म्हणतो, काही दिवस नाही. मी विचारायचं सोडून दिलंय. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांनी अजून एका शब्दाने सॉरी म्हटलेलं नाही आणि बाजारात भेटले तर मी बोलत नाही, एवढा राग मला अजून आहे, तुम्हाला आवडणार नाही पण आहे.

सर, निकालाची ती झेरॉक्स अजून माझ्याकडेच आहे. डिचोलीकडच्या एका बाईंचा फोन आला होता, त्यांच्या मुलीचं असंच काहीसं चाललंय, त्यांनी कॉपी मागितली. तुमच्या पेन्सिलच्या खुणांसकट काढून दिली तर चालेल ना? आणि त्यांना तुमचा नंबर देऊ का, ते तेवढं कळवा. यायचं झालं तर रविवारी मी त्यांना घेऊन येईन, चहा मात्र आम्हीच करू, तुम्ही बसून राहायचं.

तुमची विद्यार्थिनी,
आणि आठवीतल्या एका मुलाची आई