क्रीम तपासून घेण्याचा हक्क नाशिककरांना वापरता येऊ द्या

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकला सिडकोत ब्युटी पार्लर चालवते. आपण दिंडोरीचे, आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

फेशियलला येणाऱ्या मुलींच्या पर्समध्ये हल्ली गोरं करणाऱ्या क्रीमची छोटी डबी निघते. त्यावर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना बॅच नंबर. नुकतीच एक डबी हातात आली, तिच्यावर सूचना होती: क्रीम लावताना सोन्याचांदीचे दागिने दूर ठेवावेत. अशी सूचना दिसली की क्रीममध्ये पारा असल्याचा संशय घ्यावा, कारण पारा सोन्याला धरतो. ज्या क्रीमपासून मंगळसूत्र जपायचं, तेच गालाला चोळायचं?

पाऱ्याने रंग उजळतो, हे खरं आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन नावाचं द्रव्य तयार करणारं एन्झाइम तो अडवतो. पण तो तिथेच थांबत नाही. त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीला धरतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये त्या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना अशाच क्रीमने इजा झाल्याचं उघड झालं. ते क्रीम तिथल्या एका ब्युटीशियनकडून घेतलेलं होतं. ही बातमी वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही, कारण बायका आमच्या शब्दावर विश्वास ठेवून चेहरा आमच्या हाती देतात.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. सुरुवातीला चेहरा असा नितळ होतो की मैत्रिणी क्रीमचं नाव विचारतात. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, हनुवटीवर लव वाढते. क्रीम बंद केलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. त्वचेला लावायची १४ स्टेरॉइडं २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत गेली. तरी ‘नाइट क्रीम’ म्हणून सुटं मिसळून दिलेलं असेल, तर आत काय आहे ते घेणारीला कसं कळणार?

नियमांची उणीव नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत राहिलेला असला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. शिवाय १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २६ म्हणतं की विकत घेतलेलं प्रसाधन कुणीही ग्राहक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माझ्या ओळखीतल्या एकाही बाईला हे माहीत नव्हतं.

माझी मागणी एवढ्यापुरतीच आहे. नाशिकच्या कार्यालयात या कलमाखालचे अर्ज घेणारी एक खिडकी ठेवा, तिथे मराठीत फलक लावा, शुल्क कामावर जाणाऱ्या बाईला परवडेल असं असू द्या. अशा डबीचं बिल सहसा कुणी देत नाही, म्हणून बिलासाठी अर्ज अडू नये. पाऱ्याची प्राथमिक तपासणी हातात धरायच्या एक्स-रे यंत्रावर काही मिनिटांत होते. असं एक यंत्र जिल्ह्याला द्या. स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन या रंग उजळवणाऱ्या रसायनासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागेल, त्याला वेळ लागणार हे समजू शकते. पण जे नमुने नापास होतील त्यांची नावं जाहीर व्हावीत, आणि नुसत्या विकणाऱ्या पोरावर न थांबता माल आला कुठून तिथपर्यंत तपास जावा.

पार्लरवाल्यांनाही यात घ्या. चेहरा बिघडतोय हे डॉक्टरांच्या आधी आमच्या लक्षात येतं. संशयास्पद डब्या बायकांना घेऊन यायला लावायचं काम माझ्यासारख्या कितीतरी जणी आनंदाने करतील. माझ्या ग्राहकांपैकी काहीजणी आजही अर्ज करायला तयार आहेत. तो कुठे आणि कुणाकडे द्यायचा, एवढं कळवावं.

आपली,
एक पार्लरचालक,
सिडको, नाशिक