आमच्या जुन्या ट्रकचे हेड बदलून देणाऱ्या वस्तादांना

आदरणीय वस्ताद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पुण्याहून पशुखाद्याची पोती भरून कराडला येताना मी पुन्हा खंबाटकी घाट चढलो. माथ्यावर गाडी बाजूला घेतली, तेव्हा पाण्याचा काटा हिरव्या पट्ट्यातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण काढून पाहिले, तर पाणी होते तिथेच होते. आपण काम करून दिल्याला चार महिने झाले आणि या काळात एक तांब्याभर पाणीही वरून घालावे लागलेले नाही. हे समक्ष सांगण्याचा मी दोनदा प्रयत्न केला, परंतु आभाराचा शब्द निघताच आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

ही गाडी वडिलांनी 1994 साली घेतली. मागच्या उन्हाळ्यात याच घाटात रेडिएटरचा वरचा होज फाटला, पाणी वाहून गेले, आणि मी घाबरून, वाट न पाहता, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले. चूक सर्वस्वी माझी होती. पुढे एका गॅरेजमध्ये दोनदा हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधला सीलचा पातळ थर) बदलून घेतले. पहिले दोन महिने टिकले, दुसरे जेमतेम तीन आठवडे. गाडी चालू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येत, डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसे, आणि आता गाडी भंगारात काढा, असे चारचौघे सांगू लागले होते.

आपल्याकडे गाडी ओढून आणली, तेव्हा हेड चेनब्लॉकने उतरवून आपण ते घासून पुसून घेतले, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि तिच्याखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पात) सरकवून मला जवळ बोलावले. दोन्ही टोकांना पात घट्ट बसत होती. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये मात्र ती सहज आत गेली. वाकलेल्या हेडाखाली कितीही नवे गॅस्केट घातले तरी ते जळणारच, हे मला त्या एका क्षणात कळले. आधीच्या दोन्ही वेळा ही पट्टी कोणी लावलीच नव्हती.

हेडला फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, तेच परत बसवले असते, तर मी आनंदाने पैसे देऊन गेलो असतो. परंतु आपण लेथवाल्याकडे लाल रंग आणि पांढरी पावडर लावून तपासणी करवून घेतली, आणि दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मधल्या अरुंद पट्टीवर केसासारखी लाल रेघ उमटलेली मला दाखवली. वेल्डिंग करून घेऊ का, असे मी विचारले होते. बिडाला (ओतीव लोखंडाला) नुसती वरवरची वेल्डिंग केली, तर ते गार होताना शेजारीच पुन्हा तडकते, आणि ही जागा तर इंजिनातली सर्वांत तापणारी, हे आपण शांतपणे समजावले. जुन्या बाजारातले स्वस्त हेडही आपण नाकारले. या टाटा इंजिनाचे नाव 697 का, तर सिलिंडर सहा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सत्त्याण्णव मिलिमीटरचा, हेही त्याच दिवशी आपल्याकडून समजले. टाटांनी 1954 साली डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी केलेला करार 1969 मध्ये संपला, तरी त्याच घराण्यातली ही इंजिने आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे रस्त्यावर राहिली. त्यामुळे एवढ्या जुन्या गाडीलाही कोरे हेड मिळू शकले, याचे मला आजही समाधान वाटते.

माझ्या कायम लक्षात राहील ती हेड चढवण्याच्या आधीची दुपार. ब्लॉकचा माथाही आपण पट्टी लावून पाहिला. मग तारेला कापड गुंडाळून हेडबोल्टचे एकेक भोक आतून कोरडे केले, हवा मारली, आणि कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत तेच पुन्हा केले. मला तो वेळ वाया जातोय असे वाटत होते. आपण म्हणालात, "भोकात पाणी नाहीतर ऑइल राहिलं, तर बोल्ट त्याच्यावर बसतो आणि टॉर्क पाना खोटं सांगतो. कधी ब्लॉकसुद्धा फुटतो." त्यानंतर मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला जात, तीन टप्प्यांत, आपण स्वतः सगळे बोल्ट आवळले, शिकाऊ पोरांना पाना दिला नाही, परंतु प्रत्येकाला शेजारी उभे करून क्रम मोठ्याने म्हणायला लावला. डिझेल फवारणाऱ्या नोझलखालचे तांब्याचे वायसर नवे घातले. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) गार इंजिनावर, इनलेट 0.20 आणि एक्झॉस्ट 0.30 मिलिमीटर, असे लावताना सहाव्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह डुलू लागले की पहिल्याचे टॅपेट धरायचे, ही जोडी आपण माझ्याकडूनही पाठ करून घेतली.

मागे कोणीतरी काढून टाकलेला थर्मोस्टॅटही (इंजिन गार असेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आपण परत बसवलात. तो काढला की गाडी गार राहते, असे मी इतकी वर्षे मानत होतो. रेडिएटरमधून निघालेला क्षारांचा थर हातावर घेऊन आपण विचारले होते, "बोअरवेलचं पाणी घालता ना?" तेव्हा मी मान खाली घातली होती. आता गाडीत कूलंट आहे, आणि होज दर महिन्याला दाबून पाहतो.

पाचशे किलोमीटर झाल्यावर आपण बोलावून बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासले आणि त्याचा एक रुपयाही घेतला नाही. वडील त्या दिवशी माझ्यासोबत आले होते. त्यांनी स्वतः चावी फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झाले, आणि ते बराच वेळ केबिनमध्ये काही न बोलता नुसते आवाज ऐकत बसले होते. त्यांच्या वतीनेही मी आपले मनापासून आभार मानतो.

जुने हेड आमच्या ओसरीवर आहे. आपण खडूने केलेली खूण अजून पुसलेली नाही.

आपला कृतज्ञ,
एक ट्रकमालक, कराड