आपली स्विफ्ट धावपट्टीवर नेण्याआधी

जुळे सोलापूर,
रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी आपली गाडी शर्यतीला नेणार हे कळल्यापासून आईला नीट झोप लागत नाही आणि बाबा त्या विषयावर काहीच बोलत नाहीत, असे दादाने परवा नाशिकहून फोनवर सांगितले. फोनवर माझे सांगणे नेहमी अर्धवट राहते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. हे वाचून तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य असेल, पण मी नेमके काय करणार आहे आणि त्यासाठी गाडीची कोणती तयारी चालली आहे, हे तुम्हाला आधी पूर्ण माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

आई, रात्री हमरस्त्यावर मुले गाड्या पळवतात, तसला हा प्रकार नाही. तसे करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि तो गुन्हा नसता तरी मी त्या वाटेला गेले नसते, कारण आपल्या रस्त्यांवर बिनदिव्याची उसाची ट्रॉली केव्हा समोर येईल याचा नेम नसतो. मी ज्या ड्रॅग शर्यतीला जाणार आहे, ती म्हणजे बंदिस्त, सरळ पट्टीवर पाव मैल, अर्थात सुमारे ४०२ मीटर अंतर थांबलेल्या अवस्थेतून कापणे. दोन गाड्या आपापल्या मार्गिकेतून निघतात. वळण नाही, कोणाला ओलांडणे नाही, आणि अंतर संपल्यावर वेग कमी करण्यासाठी पुढे मोकळी पट्टी राखलेली असते. अमेरिकेत वॅली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, तीच मुळी रस्त्यांवर गाड्या पळवणाऱ्या तरुणांना सुरक्षित जागी, नियमांखाली आणण्यासाठी. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीतील विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरत आल्या आहेत.

सुरुवात दिव्यांच्या खांबावरून होते. पुढचे चाक प्रकाशकिरणाच्या रेषेत आले की वरचे छोटे दिवे लागतात. मग नेहमीच्या पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उतरत येतात आणि शेवटी हिरवा लागतो. यातली मला फार आवडलेली गोष्ट अशी की, अंतर कापण्याची वेळ हिरवा दिवा लागल्यापासून मोजत नाहीत, चाक त्या किरणातून बाहेर पडल्यापासून मोजतात. म्हणजे जो शिकायला आला आहे, त्याने हिरवा दिवा पाहून, श्वास घेऊन, शांतपणे गाडी सोडली तरी अंतर कापण्याच्या त्याच्या वेळेत काहीही बिघडत नाही. शेजारच्या गाडीशी माझी स्पर्धा नाही. आपली ८७ अश्वशक्तीची, १.३ लिटरची गाडी हे अंतर अठरा ते एकोणीस सेकंदांत कापेल आणि शेवटी वेग ताशी एकशेवीसच्या आसपास असेल, असा माझा अंदाज आहे.

बाबा, गाडीत मी काहीही बदलणार नाही. एअर फिल्टर मोठा टाक, सायलेन्सर बदल, असे सल्ले पुष्कळ मिळाले. परंतु गाडी आहे तशी किती पळते हे ठाऊक नसताना केलेल्या बदलाचा उपयोग झाला की नाही, हे कळणार कसे? शिवाय हीच गाडी चालवत मला पुणे, इंदापूर, टेंभुर्णी करत घरी परत यायचे आहे. म्हणून पहिल्या खेपेची तयारी म्हणजे फक्त तपासणी, आणि ती मात्र कसून.

सर्वांत जास्त वेळ क्लचला दिला. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहिला. इंजिनाच्या फेऱ्या एकदम चढून गाडी मागे राहिली असती, तर क्लच प्लेट घसरते आहे असे समजायचे. तसे झाले नाही, काटा आणि गाडी बरोबरीने चढले. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडी वर उचलून पाहिली, तेव्हा गिअरबॉक्सच्या बाजूच्या माउंटिंगचे रबर फाटलेले दिसले, ते नवे बसवले. ते तसेच राहिले असते, तर जोरात निघताना इंजिन हिसके खात राहिले असते.

गाडी सोडण्याची रीत तुम्हीच मला शिकवलेली आहे. रेल्वे पुलाच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला तुम्ही शिकवले होते, त्याचाच हा पुढचा धडा आहे. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला दोन ते अडीच हजारांवर स्थिर धरायच्या आणि क्लचवरचा पाय एकदम न उचलता, चाके पकड घेत आहेत हे जाणवेल तसतसा सोडायचा. आपल्या गाडीला ओढ पुढच्या चाकांची आहे. जोरात निघताना भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. पहिल्या साठ फुटांत गमावलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीडपट-दुपटीने महागात पडतो, असे जाणकार सांगतात. म्हणजे क्लच आदळण्यात नुकसानच आहे, प्लेटचेही आणि वेळेचेही.

गिअर दोनदाच बदलावा लागेल. त्यात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा घाईने डावीकडे ओढला जाऊन पहिल्यात पडण्याचा धोका असतो. तसे झाले, तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि फेऱ्या जास्त झाल्या की इंधन तोडणारी यंत्रणाही तेव्हा कामाची नसते. त्यामुळे दांडा मुठीत न आवळता तळहाताने सरळ पुढे सारायचा, तो आपोआप मधल्या रेषेत येतो, याचा सराव मी इंजिन बंद ठेवून अंगणातच करते आहे.

टायरांच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आपल्या पुढच्या टायरांची नक्षी शिल्लक होती, पण ते २०१८ सालचे निघाले आणि सोलापूरच्या उन्हात रबर कडक झाले होते, म्हणून ती जोडी नवी घेतली. पट्टीवर पुढच्या चाकांत दोन-तीन पौंड हवा कमी ठेवेन आणि परतीला निघण्याआधी पुन्हा भरून घेईन. तिथे टायर गरम करण्यासाठी पाणी टाकलेले असेल, तर त्या जागेला वळसा घालून जायचे. साध्या टायरांच्या खाचांत पाणी अडकते आणि सुरुवातीच्या रेषेवर ते गळत राहते. एसीही बंद ठेवायचा, कारण त्याचेही पाणी रेषेवर गळते.

ब्रेक ऑइल बदलले, पॅड पाहिले, चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळले, बॅटरीची पट्टी घट्ट केली, कूलंटचे पाइप तपासले. स्टेपनी, जॅक आणि डिकीतले सगळे सामान पट्टीवर जाण्याआधी बाहेर निघेल. पायाखालची मॅटही काढणार, ती पेडलखाली सरकू नये म्हणून. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट माझ्याकडे आहेत. दोन धावांच्या मध्ये बॉनेट उघडून गाडी निवू देईन. चाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते आणि इंजिनाला तेवढी कमी मिळते. त्यामुळे जमल्यास सकाळीच धावावे आणि दुपारी इतरांचे पाहत बसावे, असा विचार आहे.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. आपल्या विमा पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या आहेत. तिथे गाडीचे काही नुकसान झाले, तर खर्च मलाच करावा लागेल, आणि त्यासाठीचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत. एकटीही जाणार नाही. मावसभाऊ बरोबर येणार आहे आणि आदल्या रात्री पुण्याला मावशीकडे मुक्काम आहे.

गाडी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय ती मी नेणार नाही. संमतीपत्राचा मसुदा सोबत ठेवला आहे. बाबा, सही करण्याआधी काही तपासायचे राहिले असे वाटले, तर त्याच कागदाच्या मागे लिहून पाठवा, मी ते करून घेईन. सही करावीशी वाटली नाही, तर मावसभावाबरोबर नुसती पाहायला जाईन आणि गाडी घरीच राहील. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि शेंगाचटणी या पत्राबरोबरच पाठवली आहे. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
धाकटी