ग्रीनलँडमधले छोटे पक्षही बातमीत यावेत

संपादक महोदय,

ग्रीनलँडवर आपल्या दैनिकात हल्ली बरेच छापून येते. पण वॉशिंग्टन काय म्हणाले आणि कोपनहेगनने काय सुनावले, यापुढे ते जात नाही. ज्यांची ती भूमी, त्या ५६-५७ हजार लोकांचे राजकारण त्यात सापडत नाही. मी सरकारी लेखा विभागातून निवृत्त झाले आहे, जमाखर्च वाचण्याची सवय सुटलेली नाही. म्हणून तिथल्या एका छोट्या पक्षाबद्दल लिहिते.

नुनाट्टा कितोर्नाई हा तो पक्ष. अमेरिकी तळांनी मागे सोडलेल्या कचऱ्यावरून (बर्फाखाली बांधलेला आणि १९६७मध्ये सोडून दिलेला कॅम्प सेंच्युरी त्यातलाच) ग्रीनलँडचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री व्हिटुस कुयाउकित्सोक यांनी डेन्मार्कला जाहीरपणे धारेवर धरले. ग्रीनलँडचे तेव्हाचे पंतप्रधान किम किएलसेन यांनी २०१७मध्ये त्यांच्याकडून ते खाते काढून घेतले. कुयाउकित्सोक दोघांच्याही सिउमुत पक्षाच्या नेतृत्वासाठी किएलसेन यांच्याविरुद्ध उभे राहिले, हरले आणि त्याच वर्षी वेगळे होऊन त्यांनी हा पक्ष काढला. माजी पंतप्रधान अलेका हॅमंडही पुढे त्यांच्याकडे आल्या. डेन्मार्कपासून स्वातंत्र्य लवकर हवे, ‘कधीतरी’ नको, एवढे त्यांचे म्हणणे. २०१८मध्ये ग्रीनलँडच्या विधानसभेत ३१ पैकी एक जागा मिळाली. तेवढ्यावर ते सरकारात गेले, कुयाउकित्सोक यांनी अर्थखातेही सांभाळले. २०२१मध्ये तीही जागा गेली.

अशा पक्षाला कुणी भाबडा म्हणेल, पण ते मला पटत नाही. ग्रीनलँडला डेन्मार्कच्या राज्यात राहून स्वतःचा कारभार देणाऱ्या २००९च्या स्वशासन कायद्याचे कलम २१ स्पष्ट सांगते, की स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलँडच्या जनतेने घ्यायचा. हक्क कायद्यातच दिला असेल, तर तो कधी वापरायचा हे विचारण्यात पोरकटपणा कसला?

खरी अडचण पैशांची आहे. सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भार डेन्मार्कचे अनुदान उचलते. निर्यातीत ९० टक्क्यांहून अधिक वाटा मासळी आणि कोळंबीचा. खनिजांचे म्हणाल, तर त्याच कायद्यात असे लिहिले आहे की खनिजांतून सरकारला ७.५ कोटी क्रोनरच्या (डॅनिश चलन) वर जे उत्पन्न मिळेल, त्याच्या निम्म्या रकमेने अनुदान कमी होईल. म्हणजे खाणी चालू लागल्या तरी हाती येणाऱ्या प्रत्येक जादा क्रोनपैकी अर्धाच नवा. हे मी दोनदा वाचले. मग शाळा, दवाखाने कशावर चालवायचे, याचे समाधानकारक उत्तर मला या पक्षाकडून मिळाले नाही. तरीही हा प्रश्न त्यांनी अर्थखात्याच्या खुर्चीत बसून झेलला, बाहेरून घोषणा दिल्या नाहीत, याचे मला मोल वाटते.

पक्ष विधानसभेबाहेर गेला, मागणी गेली नाही. नालेराक या दुसऱ्या स्वातंत्र्यवादी पक्षाने २०१८मध्ये विमानतळांसाठी डॅनिश भांडवल घेण्याच्या निषेधार्थ सरकार सोडले होते. २०२१मध्ये त्याच्या चार जागा होत्या, मार्च २०२५मध्ये आठ झाल्या, मते २४.५ टक्के. स्वातंत्र्याकडे सावकाश जाऊ म्हणणाऱ्या डेमोक्राटिट पक्षाला दहा जागा. मग निवडून आलेल्या पाचपैकी चार पक्षांनी मिळून सरकार बनवले आणि नालेराक एकटा बाहेर राहिला. म्हणजे चौथ्या हिश्श्याइतके मतदार एका बाजूला आहेत.

ट्रम्प यांच्या विधानाला आपण पान देता, ते द्यावेच. त्याच पानावर ग्रीनलँडची राजधानी नुकमधल्या विरोधी बाकांवरून काय उत्तर आले, तेही छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लेखाधिकारी