नुसतं 'अंश' लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलाच्या बातम्यांसोबत आपण नकाशे आणि आलेख छापता, हे मला मनापासून आवडतं. त्यांच्यामागे असतात तसल्या फाइलींशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून कोनांच्या नोंदींबद्दल लिहिते आहे.

मराठीत तापमानही अंशात आणि कोनही अंशात. बोलताना संदर्भावरून कळतं, संगणकाला कळत नाही. गेल्या वर्षी एक फाइल हाती आली. रकान्याचं नाव नुसतं 'सूर्यकोन', एककाची जागा रिकामी, आकडे ० ते ९० मधले. हा कोन क्षितिजापासून मोजलेला की डोक्यावरच्या बिंदूपासून? पहिल्यात ९० म्हणजे सूर्य माथ्यावर, दुसऱ्यात ९० म्हणजे मावळतीला टेकलेला. भर दुपारच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तिथे आकडे सर्वांत लहान निघाले, तेव्हा कुठे उलगडा झाला. दोन दिवस गेले. नाव नीट असतं तर दोन मिनिटंही लागली नसती.

रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक, त्याचा घोळ याहून वाईट. जागतिक सरासरी काढताना नकाशावरच्या ध्रुवांकडच्या, क्षेत्रफळाने लहान असलेल्या चौकटींना कमी भार द्यावा लागतो, त्यासाठी अक्षांशाची कोसाइन घेतात. ६० अंशांची कोसाइन ०.५. पण बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा कोन रेडियनमध्येच आहे असं धरून चालतात. त्यांना तसाच ६० दिला की उत्तर येतं उणे ०.९५. म्हणजे भार चक्क उणे! तरी कुठेही चूक दाखवली जात नाही, कारण रेडियनला मिती नाही, संगणकाच्या लेखी तो साधा आकडा. पुढे सरासरीत मिसळला की तो सापडणंही कठीण.

वाऱ्याचं तर शास्त्रच वेगळं. २७० अंशांचा वारा पश्चिमेकडून येतो, २७० अंशांचा सागरी प्रवाह मात्र पश्चिमेकडे जातो. हवामानाच्या फाइलींसाठी २००३ पासून असलेल्या 'सीएफ' संकेतांत म्हणूनच 'विंड फ्रॉम डिरेक्शन' आणि 'विंड टू डिरेक्शन' अशी दोन स्वतंत्र प्रमाण नावं आहेत. अक्षांशाला 'डिग्रीज नॉर्थ', रेखांशाला 'डिग्रीज ईस्ट' ही एककं सुचवलेली आहेत. पाळायला काहीच अवघड नाही, तरी 'दिशा' एवढंच लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. अशा दिशांची साधी सरासरी काढणारे तर मला नेहमी भेटतात. ३५० आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेचे वारे, आणि सरासरी १८०, म्हणजे थेट दक्षिण!

डेटा प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाने कोन कुठून मोजला, कोणत्या बाजूने वाढतो आणि एकक कोणतं, हे फाइलीतच लिहावं. आपल्याकडेही एक विनंती आहे. वाऱ्याचे बाण असलेला नकाशा छापाल तेव्हा 'बाणाचं टोक वारा जातो त्या दिशेला' एवढी एक ओळ खाली द्याल का?

आपली,
एक नियमित वाचक