नाल्याची पूररेषा भरतीपासून काढ

मुंबई,
१२ मे

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबतची आकडेमोड मिळाली. नाल्याच्या पूररेषेचं, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढेल ती रेषा आखायचं, काम तू मनापासून घेतलंयस, म्हणून सविस्तर लिहितो. तुझी सुरुवात पावसापासून आहे आणि भरतीचा उल्लेख अगदी शेवटी. मुंबईत खाडीला मिळणाऱ्या नाल्याची पातळी खालून वर काढत यावी लागते, कारण मुखाशी पाणी तुंबलं की त्याचा फुगवटा मागे चढत जातो.

आधी उंचीचा संदर्भ पक्का कर. भरतीच्या तक्त्यातले ४.५ मीटर हे चार्ट डेटमपासूनचे, म्हणजे सागरी नकाशातल्या, अगदी खालच्या ओहोटीजवळच्या शून्यापासूनचे. तुझा बेंचमार्क, म्हणजे ठरलेल्या उंचीची खूण, सरासरी समुद्रसपाटीपासूनचा. दोन्हींत इथे सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे, म्हणजे तीच भरती तुझ्या पात्राच्या आडव्या छेदावर जेमतेम २ मीटरवर येते. पालिकेची जुनी ड्रॉइंगं तर टाउन हॉल डेटमवर, म्हणजे शहराच्या स्वतःच्या वेगळ्याच शून्यावर. तिन्ही आकडे एकाच शीटवर मिसळले की अख्खी वस्ती बुडालेली दिसते, नाहीतर ठणठणीत कोरडी. म्हणून पहिल्या दिवशीच पुलाच्या कठड्यावर एक पक्की खूण कर आणि ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) सगळं तिथे जोडून घे.

आता विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते. तुझं पाणलोट २.४ चौ.कि.मी., नाल्याची लांबी २००० मीटर आणि एकूण उतार २० मीटर. लांबी आणि उतारावरून वेळ काढणाऱ्या किर्पिचच्या सूत्राने पाणी गोळा व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात. काँक्रीटच्या पात्रात त्याहून कमी. तेव्हा २४ तासांच्या पावसाची सरासरी इथे कामाची नाही, १५ मिनिटांच्या नोंदी लागतील. पर्जन्यमापकही जवळचाच घे: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मि.मी. पडला, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही.

जुनी गटारं ताशी २५ मि.मी. पाऊस आणि ०.५ गुणांक (पावसाचा किती भाग वाहून येतो तो) धरून बांधलेली. पाऊस, गुणांक आणि पाणलोट यांच्या गुणाकाराला एककं जुळवायला ०.२७८ ने गुणलंस की ८ घनमीटर प्रतिसेकंद येतात. ताशी ५० मि.मी. आणि गुणांक १ धरलास तर ३३. चौपट! भरतीत मुखावरच्या झडपा बंद असताना या दराने तासाभरात १,२०,००० घनमीटर साचतात. १२ हेक्टर सखल भागात पसरले तर मीटरभर पाणी. म्हणून नुसता कमाल विसर्ग काढून थांबू नकोस, साठ्याचाही हिशेब कर.

पात्राचे छेद ५० मीटरवर घे. पूल, मोरी आणि आडव्या गेलेल्या पाइपपाशी मात्र वर-खाली दोन्ही बाजूंनी. गाळ काढल्यानंतरचा छेद वापरण्याचा मोह होईल, कारण तो सुबक दिसतो. पण उदाहरणार्थ ८ मीटर रुंद, २.५ मीटर खोल, १००० ला १ उताराचं पात्र मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक ०.०३ धरून २८ घनमीटर वाहून नेतं, आणि ६० सेंमी गाळ बसला की फक्त १९. पूररेषा गाळ धरूनच काढ. मोरीत प्लॅस्टिक आणि फांद्या अडकतात, तिथे निम्मं तोंड बुजलेलं धरून मॉडेलची एक वेगळी फेरी चालव.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या प्रस्थापित क्षमतेच्या दीडपट, यांतला जो मोठा तो. लाल रेषा १०० वर्षांची. रहिवाशांना मात्र "शंभर वर्षांतून एकदा" असं सांगू नकोस, त्यांना ते फार लांबचं वाटतं. ३० वर्षं तिथे राहणाऱ्याला तो पूर गाठायची शक्यता २६ टक्के आहे, ते सांग.

मॉडेलवर विसंबण्याआधी भिंतींवरच्या पूरखुणा पाहा. रंगाखाली चिखलाची आडवी रेघ बहुधा राहते. घरात साचलेल्या पाण्याची रेघ घे, बाहेरची नको. रस्त्यावर गाड्यांच्या लाटांनी ती वर गेलेली असते. नाल्याच्या एकाच टप्प्यात तीन खुणा जुळल्या तरच धर.

छेदांची मोजणी मेअखेर उरक. पाऊस लागल्यावर स्टाफ (उंची वाचायची मोजकाठी) धरायला माणूस पात्रात उतरवू नकोस. छेद झाले की मला पाठव, मुखाकडचे आधी.

तुझा,
अनिल